झासिपची दुसरी बाजू

आमच्या इमारतीच्या तळघरातली पेटी डावीकडून उजवीकडे जायला चार पूर्णांक दोन सेकंद घेते आणि परत यायला चार पूर्णांक पाच. मी हे एकवीस वेळा मोजलं आहे. तीन दशांशाचा फरक फरशीच्या उतारामुळे पडतो. तो कानाला कळत नाही, पण अंगाला कळतो. जिन्याची एकच पायरी अर्धं बोट उंच असावी तसा.

पेटी म्हणजे गाण्यातली नव्हे. चादरी सपाट करायचं हे एक जुनं यंत्र आहे. आम्ही त्याला मांगल म्हणतो. चादरी लाकडी रुळांवर गुंडाळायच्या, रूळ खाली सरकवायचे आणि बटण दाबायचं, की दगडांनी भरलेली मोठी पेटी त्यांच्यावरून मागेपुढे फिरते. ओस्ट्राव्हातल्या आमच्या आठ मजली इमारतीत आता जेमतेम सहा बायका ते वापरतात. तरीही वेळ हवी असेल तर वहीत नाव लिहावं लागतं, आणि ती वही दुसऱ्या मजल्यावरच्या शिंदेलारोवाबाईंकडे असते. बाई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. त्यांच्याकडून वेळ मिळवणं पासपोर्ट काढण्यापेक्षा अवघड आहे. पासपोर्टच्या खिडकीत निदान उशांचे अभ्रे किती, असं विचारत नाहीत.

माझा नवरा ओल्डा ट्राम चालवतो आणि फावल्या वेळात ओरडतो. हे मी कुत्सितपणे म्हणत नाही. दुसरा अचूक शब्द मला सापडलेला नाही. तो आणि त्याचे तीन मित्र बावीस वर्षं टोकाचं मेटल वाजवतात. त्यात गिटार करवतीसारखी चालते, ढोल गारपिटीसारखे पडतात आणि ओल्डा खोल विहिरीत पडलेल्या अस्वलासारखा आवाज काढतो. गाण्यांना शब्दही असतात. ते कुणाला कळत नाहीत, आणि दोन वर्षांनी ओल्डालाही आठवत नाहीत. ‘राखेचं पोट’ हे त्याचं सर्वांत भीषण गाणं त्याला ट्राम डेपोच्या कँटीनवरून सुचलं होतं, एवढं मला माहीत आहे.

त्यांच्या बँडचं नाव झासिप. खड्डा बुजवण्यासाठी वरून लोटायची माती, असा त्याचा अर्थ. नाव ठेवताना चौघांच्या डोळ्यांपुढे थडगं होतं. पण आमच्या चेक भाषेत तान्ह्या बाळाला लावायच्या पावडरीलाही झासिपच म्हणतात, आणि हे त्यांच्या लक्षात शर्ट छापून आल्यावर आलं. शर्टावर नावाखाली कवटी आहे, तरी औषधांच्या दुकानातली बाई ओल्डाला पाहून विचारते, किती महिन्यांचं झालं?

तर गेल्या वर्षी या चौघांनी पहिल्यांदाच चार गाणी नीट ध्वनिमुद्रित केली, आणि ब्रनोच्या हिनेक नावाच्या तरुणाने त्यांची रेकॉर्ड काढायचं कबूल केलं. जुन्या पद्धतीची मोठी काळी तबकडी. हिनेक एकतीस वर्षांचा आहे, नाकात बैलासारखी कडी घालतो आणि फार सभ्य आहे. त्याने हिशेब करून सांगितलं की चार गाण्यांत तबकडीची एकच बाजू भरते. दुसऱ्या बाजूला हीच गाणी मोडून, यंत्रांच्या खडखडाटात पुन्हा जोडून द्या. याला इंडस्ट्रियल रिमिक्स म्हणतात आणि सध्या त्याला मागणी आहे. प्रागचा एक माणूस हे काम करणार होता. पण त्याला ऐन वेळी जुळं झालं आणि त्याने कळवलं की झासिपशी त्याचा संबंध आता वेगळ्या अर्थाने येत आहे.

मग सल्ले सुरू झाले. ओल्डाच्या डेपोतल्या सोबत्यांनी ट्रामच्या ब्रेकचे आवाज घ्यायला सुचवलं. माझ्या नणंदेने सुचवलं की दुसऱ्या बाजूला नाताळची गाणी घ्यावीत, म्हणजे निदान ती तरी एक घेईल. आमच्या सोसायटीचे अध्यक्ष लिच्कासाहेब यांनी जिन्यात ओल्डाला अडवून दहा मिनिटं समजावलं की ओस्ट्राव्हाची शान म्हणजे खाणकामगारांचा बँड, आणि पितळी वाद्यांवाचून संगीत म्हणजे चटणीवाचून भाकरी. (त्यांनी मोहरी आणि सॉसेज म्हटलं, पण भाव तोच.) लिच्कासाहेबांना सगळे ‘इंजिनियरसाहेब’ म्हणतात. त्यांच्या घंटीच्या पाटीवर तसं लिहिलेलंही आहे.

मला कुणी काही विचारलं नाही. यात नवीन नव्हतं. बावीस वर्षं मी या चौघांच्या तालमींना पावाच्या तुकड्यांवर बटाट्याचं सॅलड आणि लोणच्याची काकडी रचून देत आले आहे, आणि बावीस वर्षं ते मला ‘चव छान आहे’ असं सांगत आले आहेत. माझं शिक्षण ध्वनिशास्त्राचं आहे. वरच्या मजल्यावर कुणाचा फ्रिज घुमतो, कुठल्या दुकानाचा पंखा झोपू देत नाही, अशा तक्रारी आल्या की मी मापक घेऊन जाते आणि बहुतेक वेळा ‘मर्यादेत आहे’ असं लिहून येते. लोक माझ्यावर चिडतात, पण आकड्यावर चिडता येत नाही. आकडा आवाज चढवत नाही.

त्या शनिवारी दहा ते अकरा मांगलची पाळी माझी होती. चादरी घालून मी कानात ओल्डाची गाणी लावली. आवाजाची पातळी कुठे फाटते ते तपासून दे, एवढंच काम त्याने मला दिलं होतं. ‘राखेचं पोट’ सुरू झालं आणि पेटी सुरू झाली. झासिपचा ढोलवाला रोस्त्या परतीच्या ठोक्याला नेहमी किंचित उशिरा पोचतो. बावीस वर्षं याला त्याचा दोष मानलं गेलं आहे. त्यावरून दोनदा अबोलाही झाला. त्या दिवशी मी पाहिलं की पेटीही परतताना तेवढाच उशीर करते. गाणं लंगडत नव्हतं. ते ओझं घेऊन उतारावर चढत होतं. मी एका कानातला इअरफोन काढला आणि दोन्ही एकत्र ऐकत उभी राहिले. चादरी गरजेपेक्षा वीस मिनिटं जास्त दाबल्या गेल्या.

पुढचे चार शनिवार मी वहीत नाव लिहिलं, मायक्रोफोन आणि एकच अभ्रा घेऊन खाली गेले. चार शनिवार, एक अभ्रा. शिंदेलारोवाबाईंच्या नजरेतून हे सुटलं नाही. इमारतीत आधी असं पसरलं की मी चोरून धोबीकाम घेते, आणि नंतर असं, की ओल्डाने वेगळी खोली केली आहे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी मला लिफ्टमध्ये हळूच त्यांच्या वकिलाचा फोन नंबर दिला. संशय जावा म्हणून तिसऱ्या शनिवारी मी शिंदेलारोवाबाईंचा झालरीचा टेबलक्लॉथही दाबून देते म्हणाले. त्याची झालर रुळाबाहेर राहिली आणि प्रत्येक फेरीला फरशीवर ओल्या हातासारखी बसली. तो आवाज मी दुसऱ्या गाण्यात ठेवला.

चारही गाणी झाली. ती चांगली झाली होती. मी विनय आणि अचूकता यांत अचूकता निवडते म्हणून सांगते: ती पहिल्या बाजूपेक्षा चांगली झाली होती. अडचण तिथेच होती.

शास्त्रात आंधळी चाचणी नावाची पद्धत आहे. औषध खरं की खोटं हे घेणाऱ्याला सांगायचं नाही, म्हणजे मत शुद्ध मिळतं. मला माहीत होतं की मी ‘हे मी केलंय’ म्हटलं, तर चौघे जण ऐकतील, माना हलवतील आणि काकडीच्या सुरात म्हणतील, छान आहे. मला ते ‘छान’ नको होतं. म्हणून मी ओल्डाला गाणी दिली आणि म्हणाले, ओळखीच्या एका इंजिनियरने केली आहेत, नाव नंतर सांगते. यातला एकही शब्द खोटा नव्हता. मीही इंजिनियर आहे. फक्त आमच्या घंटीवर नुसतं ‘कालुस’ आहे, बायकोचं होणारं ‘कालुसोवा’ही नाही, कारण पाटी ओल्डाने लावली. ऐकून झालं की रविवारी सांगायचं, असं मी ठरवलं.

रविवारी ओल्डा आणि गिटारवाला विटेक यांनी ती आमच्या बैठकीत ऐकली. विटेक जमीन नोंदणीच्या कचेरीत काम करतो आणि सहसा कशानेही हलत नाही. तो म्हणाला की यात लोखंडाचा आक्रोश आहे. मी स्वयंपाकघरात गाजराचा रस्सा ढवळत होते, दार उघडं होतं.

“ह्या माणसानं सोसलंय,” ओल्डा म्हणाला. “मी वीस वर्षं जे करायला बघतोय ना, ते ह्यानं केलंय. हा मला वीस वर्षांपूर्वी भेटायला हवा होता.”

आमच्या लग्नाला एकवीस वर्षं झाली आहेत. मी रश्शात मीठ घातलं. ते दुसऱ्यांदा घातलं, हे जेवताना कळलं.

त्यानंतर सांगणं अवघड होत गेलं. चाचणी यशस्वी झाली होती, आणि नंतर डोळ्यांवरची पट्टी सोडायची कशी हे कुठल्याही पुस्तकात लिहिलेलं नाही. ‘वीस वर्षं जे करायला बघतोय’ असं म्हणणाऱ्या माणसाला, ते मी अभ्रा दाबताना केलं, हे कोणत्या वारी सांगावं? मी पुढचा रविवार ठरवला. मग त्याच्या पुढचा.

दरम्यान इंजिनियर वाढत होता. ओल्डाने विटेकला सांगितलं होतं की तो रादानाच्या, म्हणजे माझ्या, कामावरचा असावा. विटेकने हिनेकला सांगितलं की तो पूर्वी पोलादाच्या कारखान्यात असावा. हिनेकने त्यावरून काढलं की आवाज शहरातल्या जुन्या, बंद पडलेल्या भट्टीत घेतले आहेत. तिघांतलं कुणीही खोटं बोललं नाही. प्रत्येकाने एक ‘असावा’ गाळला. पुढच्या आठवड्यात रेकॉर्डच्या वेष्टनाचा मसुदा आला. त्यावर लाल अक्षरांत छापलं होतं: ‘दुसरी बाजू. विझलेल्या भट्टीच्या पोटात, जिवावर उदार होऊन ध्वनिमुद्रित. इंजिनियर क.’

मी तो तीनदा वाचला. त्यातला ‘क’ तेवढा माझा होता; नावाचं एक अक्षर तरी दे, म्हणून ओल्डा मागे लागला तेव्हा मी आडनावाचं दिलं होतं. त्या तळघरात जिवाला धोका एकच होता, आणि तो म्हणजे शिंदेलारोवाबाई.

हिनेक सभ्य असल्याने त्याने भट्टी ज्यांच्या ताब्यात आहे त्या कचेरीला परवानगीसाठी पत्र लिहिलं. तीन आठवड्यांनी उत्तर आलं. भट्टी अनेक वर्षं थंड आहे. तिच्यातून आवाज येत नाही. कुणाला येत असल्यास त्याने तातडीने सुरक्षा विभागाला कळवावं. कुणी आत गेलं असल्यास त्याचं नाव, जन्मक्रमांक आणि हेल्मेट घेतल्याची सही जोडावी. हिनेक खचला नाही. उलट, थंड भट्टीतून आलेला आवाज, हे त्याला जास्तच आवडलं. पण छापखाना कर्त्याच्या सहीवाचून काम हाती घेत नव्हता. तेव्हा त्या इंजिनियरला शोधा, असा धोशा सुरू झाला. ओल्डा मला रोज संध्याकाळी विचारायचा आणि मी रोज म्हणायची, विचारते. कुणाला, ते मी सांगत नसे. इतकी वर्षं ‘मर्यादेत आहे’ लिहिणारी मी, मर्यादा कधी ओलांडली ते मला कळलं नव्हतं.

अशाच एका रविवारी दुपारी ओल्डाने दुसरी बाजू मोठ्याने लावली. दार वाजलं. बाहेर शिंदेलारोवाबाई, ॲप्रनमध्ये, काखेत वही.

“कालुसोवाबाई, रविवारी मांगल कोण चालवतंय? वहीत नाव नाहीये कुणाचं.”

“कुणी नाही चालवत.”

“मला ऐकू येतंय.”

“रेडिओ आहे हो.”

बाईंनी मान जरा तिरकी केली. आतून दुसरं गाणं येत होतं.

“रेडिओवर माझा टेबलक्लॉथ?”

मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात उभी राहून त्यांना हवामानाविषयी काहीतरी सांगितलं. त्या ऐकून घेऊन खाली गेल्या आणि तिसऱ्या दिवशी सोसायटीच्या सभेच्या सूचनेत सहावा मुद्दा आला: ‘मांगलचा नोंदीविना वापर.’

सभा पुढच्या मंगळवारी पाच वाजता, तळघरातल्याच कपडे वाळवायच्या खोलीत होती. दोऱ्यांवर कुणाचे तरी मोजे राहिलेले असतात आणि त्यांखाली खुर्च्या मांडतात. ओल्डा आला. ओल्डाला तालमीला न्यायला विटेक आला. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छपाईला द्यायचं म्हणून हिनेक ब्रनोहून थेट वेष्टनाचा कागद घेऊन आला, की निदान माझ्याकडून त्या इंजिनियरचा पत्ता तरी मिळेल. अध्यक्षांनी नाकातल्या कडीकडे पाहिलं आणि इतिवृत्तात ‘पाहुणे एक’ असं लिहून घेतलं. विटेकला त्यांनी मोजलं नाही; तो टाय लावून होता.

पाच मुद्दे सांडपाण्याच्या नळावर गेले. सहाव्याला शिंदेलारोवाबाई उभ्या राहिल्या. रविवार, दोन वाजून दहा मिनिटं, कालुस यांच्या घरातून मांगलचा आवाज, म्हणाल्या. अध्यक्षांनी विचारलं, मांगल तळघरात असताना सहाव्या मजल्यावर कसा? बाई म्हणाल्या की ते त्यांना माहीत नाही, त्या फक्त वही सांभाळतात. मग नियमावली निघाली. छप्पर, जिना, लिफ्ट आणि मांगल हे सर्वांच्या समाईक मालकीचे भाग. समाईक यंत्राचा आवाज समाईक की ज्याने ऐकला त्याचा, यावर वीस मिनिटं चर्चा झाली. चौथ्या मजल्यावरच्या एका गृहस्थांनी असा मुद्दा काढला की तसं असेल तर लिफ्टच्या आवाजाचा त्यांच्या घरात होणारा पुरवठा बंद करावा.

ओल्डाला तोवर उलगडा झाला. तो उठून, जरा अभिमानानेच, म्हणाला की गैरसमज झालाय. ती त्यांच्या रेकॉर्डची दुसरी बाजू आहे, आणि ती भट्टी आहे. हिनेकने फोनवर दुसरं गाणं लावून दाखवलं. दोऱ्यांवरचे मोजे हलले.

“बाळ,” शिंदेलारोवाबाई हिनेकला म्हणाल्या, “त्रेचाळीस वर्षं मी हे यंत्र चालवतेय. ही पेटी जाताना हलकी जाते आणि येताना कुंथते. आणि हे फटक् फटक् करतंय ना, ती माझी झालर आहे.”

हिनेक नम्रपणे हसला. बाईंनी वाद घातला नाही. त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि बटण दाबलं.

सगळे दारात जमले. पेटी गेली, टेकली, परत आली, टेकली. सहा फेऱ्या झाल्या. हिनेकच्या हातातला फोन अजून वाजत होता आणि दोन्ही आवाज एकात एक असे बसत होते की कुठला यंत्राचा ते सांगणं कठीण होतं. विटेकने दाराच्या चौकटीला हात लावला. ओल्डाचा चेहरा मी पाहत होते. तो फसवल्यासारखा दिसत नव्हता. तो गाणं ऐकताना दिसतो तसा दिसत होता.

“हीच,” हिनेक हळूच म्हणाला. “हीच भट्टी.”

“मग तो इंजिनियर ह्याच इमारतीतला,” विटेक म्हणाला. जमीन नोंदणीच्या माणसाला हे सुचणारच.

आमच्या इमारतीत इंजिनियर म्हटलं की माना एकाच दिशेला वळतात. त्या वळल्या. लिच्कासाहेबांनी हातातली नियमावली मिटली. त्यांनी नकार दिला नाही. तरुणपणी आपण ॲकॉर्डियन वाजवत असू, एवढंच ते म्हणाले, आणि तंत्र आणि कला यांत आपण कधी भेद केला नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी टाळ्या वाजवल्या. ओल्डा पुढे झाला आणि दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. एवढी वर्षं एकाच लिफ्टमधून जातोय साहेब, म्हणाला, आणि आम्हाला पत्ता नाही. त्याचे डोळे ओले होते. हिनेकने वेष्टनाचा कागद मांगलच्या फळीवर पसरला, सहीची जागा दाखवली आणि पेन पुढे केलं. साहेबांनी ते घेतलं. टोपण काढलं. नावात ‘क’ का आहे, असं त्यांनी विचारलं, आणि हिनेक म्हणाला, बदलता येईल.

यंत्र कुणीतरी बंद केलं. माझा आवाज पंचावन्न डेसिबलच्या आसपास असावा, म्हणजे रोजच्या बोलण्याइतकाच, पण खोली छोटी होती.

“साहेब, ते पेन इकडे द्या,” मी म्हणाले. “चारही गाणी मी केली आहेत. हिनेक, भट्टी खोड आणि तिथे मांगल लिही. इंजिनियर क. नको. पूर्ण लिही: इंजिनियर रादाना कालुसोवा.”